घरचा थंड चहा : फळांची चव, साखरेला लगाम

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मे महिना संपत आला होता आणि दारात भंगारवाला उभा होता. जिन्याखाली साठलेल्या थंड पेयांच्या रिकाम्या बाटल्या त्याच्या पोत्यात टाकता टाकता आम्ही सहज मोजायला लागलो. दोन लिटरच्या एकतीस बाटल्या निघाल्या. एका महिन्याच्या, एकाच घरातल्या.

धाकटीने एका बाटलीवरचे लेबल वाचले. १०० मिलिलिटरला दहा ग्रॅमपेक्षा थोडी जास्त साखर. म्हणजे दोन लिटरच्या एका बाटलीत दोनशे ग्रॅमच्या वर. एकतीस बाटल्यांचा हिशेब केला तेव्हा सहा किलोंचा आकडा पार झाला. घरातल्या चहाची, खिरीची, सरबताची साखर वेगळीच. ही सहा किलो आम्ही पैसे देऊन बाहेरून आणली होती, पाहुण्यांना पाजली होती, मुलांना पाजली होती आणि ज्या अब्बांना बारा वर्षांपासून शुगर आहे त्यांच्यासमोर बसून प्यायलो होतो. अब्बा काही बोलले नाहीत. ते फक्त म्हणाले, "हमारे लिए माठ का पानी ला देव."

धाराशिवचा उन्हाळा तुम्हा वाचकांना सांगायला नको. एप्रिल लागला की पारा चाळिशी ओलांडतो, दुपारी रस्ते ओस पडतात आणि संध्याकाळी घराघरांत माणसांची वर्दळ सुरू होते. शाळांना सुट्ट्या लागतात, सोलापूर, पुणे, हैदराबादहून लेकी माहेरी येतात, लग्नांच्या दावती सुरू होतात. दारी आलेल्या माणसाला नुसते पाणी देऊन पाठवायचे आपल्या जिवावर येते. पाहुण्याचा आदर करणे हा तर ईमानचा भाग. मग कोपऱ्यावरच्या दुकानात पोराला पिटाळायचे आणि बाटली मागवायची, हा सगळ्यात सोपा मार्ग आम्ही धरला होता.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात आम्ही बाटली बंद करून घरी फळांचा थंड चहा करायला घेतला. त्यात चुका झाल्या, काही फेकून द्यावे लागले, काही फार चांगले जमले. हे सारे इथे सविस्तर मांडत आहोत, म्हणजे तुम्हाला त्याच चुका पुन्हा कराव्या लागणार नाहीत.

थंड चहा आला कुठून?

पहिल्यांदा ग्लास समोर ठेवला तेव्हा दादी म्हणाल्या, "ठंडी चाय कायकू पीना? चाय हाय के शरबत?" प्रश्न रास्त होता. आपल्याकडे थंड झालेला चहा म्हणजे टाकून द्यायचा किंवा पुन्हा गरम करायचा चहा.

पण थंड चहाची गोष्ट शंभरहून अधिक वर्षांची आहे आणि त्यात भारताचाही हात आहे. अमेरिकेत १८७९ साली छापलेल्या व्हर्जिनिया प्रांताच्या एका पाकपुस्तकात बर्फाच्या चहाची कृती सापडते. पुढे १९०४ मध्ये सेंट लुईस शहरात मोठे जागतिक प्रदर्शन भरले. तिथे रिचर्ड ब्लेचिंडन नावाचे गृहस्थ भारतीय चहाचा प्रचार करायला गेले होते. कडक उन्हात गरम चहाकडे कोणी फिरकेना, तेव्हा त्यांनी तोच चहा बर्फावर गार करून वाटला आणि लोकांची रीघ लागली, असे सांगतात. थंड चहा त्यांनी शोधला नाही, तो आधीपासून होता. पण त्या प्रदर्शनानंतर त्याची चर्चा दूरवर पोचली. म्हणजे अमेरिकेत उन्हाळ्यात घराघरांत जे पेय पितात, त्याच्या प्रचारात आपल्या मळ्यांतल्या पत्तीचा वाटा आहे.

आणि फळ पाण्यात घालून गार करून पिण्याची रीत तर आपल्याकडे जुनीच. 'शरबत' हा शब्दच मुळात अरबीतल्या 'पिणे' या अर्थाच्या धातूपासून आला. प्रेषित मुहम्मद (स.) यांना गोड आणि थंड पेय आवडत असे, असे ह. आयेशा (रजि.) यांच्याकडून आलेल्या हदीसमध्ये सांगितले आहे. त्यामुळे उन्हाळ्यात गार पेयाची आवड असण्यात गैर काही नाही. त्यात काय घालायचे आणि किती घालायचे, एवढेच आपल्या हातात ठेवायचे आहे.

आधी चहा जमला पाहिजे

आपल्या घरात दाणेदार चहा असतो. दूध, साखर आणि आले घालून उकळायला तो उत्तम. पण तसाच उकळून गार केला तर कडू आणि तुरट लागतो. कारण चहातली तुरट द्रव्ये, म्हणजे टॅनिन, उकळत्या पाण्यात जितका वेळ राहतील तितकी जास्त उतरतात. गरम चहात दूध तो तुरटपणा झाकते. थंड चहात दूध नसते, म्हणून थंड चहासाठी पत्ती उकळायची नाही. खूप बारीक भुकटीऐवजी जरा मोठ्या दाण्याचा चहा घ्यावा.

आम्ही दोन पद्धती वापरतो.

*रात्रीची पद्धत.* एक लिटर उकळून गार केलेले पाणी काचेच्या किंवा स्टीलच्या झाकणाच्या भांड्यात घ्या. त्यात चार सपाट छोटे चमचे, म्हणजे साधारण दहा ग्रॅम चहा घाला. इशाच्या नमाजनंतर फ्रीजमध्ये ठेवा आणि फज्रला उठल्यावर स्वच्छ मलमलच्या कापडातून गाळा. गार पाण्यात टॅनिन कमी उतरते, त्यामुळे हा चहा मऊ लागतो, गढूळ होत नाही आणि साखरही कमी लागते. फ्रीज असणाऱ्यांनी हीच पद्धत धरावी.

*गडबडीची पद्धत.* अर्धा लिटर पाणी खळखळून उकळा. गॅस बंद करा. मग त्यात चार छोटे चमचे चहा घालून झाकण ठेवा. तीन मिनिटे, फार तर चार. लगेच गाळा. गाळणीतली पत्ती चमच्याने दाबू नका, तिथेच कडूपणा उतरतो. अर्धा तास बाहेर निवू द्या आणि मग त्यात अर्धा लिटर गार पाणी घाला.

गरम चहा एकदम फ्रीजमध्ये ठेवला तर तो दुधी, गढूळ दिसतो. चहातले टॅनिन आणि कॅफिन गार होताना एकत्र येऊन तसे दिसते. चहा खराब झालेला नसतो. थोडे गरम पाणी घातले की तो पुन्हा नितळ होतो. लिंबू पिळल्यावर चहाचा रंग फिका पडतो, तोही आंबटपणाचा परिणाम. मुलांना हा खेळ फार आवडतो.

खर्चाचे म्हणाल तर लिटरला दहा ग्रॅम या हिशेबाने पाव किलोच्या पुड्यात पंचवीस लिटर चहा होतो.

फ्रीज नसेल, लाइट गेली असेल तर

आपल्या जिल्ह्यात दुपारी लाइट जाणे नवलाचे नाही. तेव्हा माठ कामी येतो. माठाच्या बारीक छिद्रांतून पाणी पाझरते, बाहेर त्याची वाफ होते आणि ती वाफ होताना आतली उष्णता घेऊन जाते. आपली हवा कोरडी असल्याने माठ इथे जितका गार होतो तितका कोकणात होत नाही. आपल्या भागाने गारव्याची कदर फार पूर्वीपासून केली आहे. नळदुर्गच्या किल्ल्यात दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या काळात, १६१३ मध्ये, बोरी नदीवरच्या बंधाऱ्याच्या पोटातच पाणीमहाल बांधला गेला. वरून पाणी कोसळत असते आणि आत माणूस कोरडा, गारव्यात उभा राहतो.

तर माठवाल्या घरांनी गडबडीच्या पद्धतीने अर्धा लिटर कडक अर्क करावा. तो झाकून निवू द्यावा आणि पाहुणा आल्यावर ग्लासात निम्मा अर्क, निम्मे माठाचे पाणी घालावे. अर्काचे भांडे परातीत पाणी घालून त्यात ठेवावे, वरून ओले फडके गुंडाळावे आणि वाऱ्याच्या झुळकेत ठेवावे. बर्फासारखा गार नाही होत, पण घशाला सुखावेल इतका होतो. हा अर्क मात्र केल्यापासून दोन तासांत संपवावा. भर उन्हाळ्यात तर तासाभरातच संपवलेला बरा.

गोडवा किती आणि कशाचा

गार चहात साखर लवकर विरघळत नाही. तळाशी बसते आणि मग आपण अजून एक चमचा घालतो. म्हणून आधी पाक करून ठेवा. एक वाटी साखर, एक वाटी पाणी, साखर विरघळेपर्यंतच गरम करायचे. तार नको. बाटलीत भरून फ्रीजमध्ये ठेवला की आठवडाभर चालतो.

एक लिटर चहाला या पाकाचे तीन मोठे चमचे पुरतात. त्यात साधारण सत्तावीस ग्रॅम साखर येते. पाच ग्लास धरले तर एका ग्लासात पाच-सहा ग्रॅम, म्हणजे सव्वा छोटा चमचा. बाजारच्या गोड पेयाच्या तेवढ्याच ग्लासात वीस ग्रॅमच्या पुढे असते. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरातली वरून घातलेली साखर पन्नास ग्रॅमच्या आत आणि शक्यतो पंचवीस ग्रॅमच्या आसपास ठेवायला सांगते. हा हिशेब मांडल्यावर फरक आपोआप कळतो.

दुकानात थंड चहाची तयार पावडरही मिळते. पाकीट उलटे करून घटक वाचा. जो घटक सर्वांत जास्त, त्याचे नाव पहिले छापायचे असा नियम आहे. बहुतेक पाकिटांवर ते पहिले नाव साखरेचे असते आणि चहाचे नाव बरेच खाली सापडते.

साखरेऐवजी खजूर वापरता येतो. एक लिटर चहाला सहा मऊ खजूर बिया काढून कोमट पाण्यात तासभर भिजवा, कुस्करा, गाळा. लिंबाच्या किंवा चिंचेच्या चहात गूळही छान लागतो. पण खजूर आणि गूळ म्हणजे साखर नव्हे, अशी समजूत करून घेऊ नका. शुगर असलेल्या माणसासाठी तीही मोजूनच. अब्बांच्या ग्लासात आम्ही काहीच गोड घालत नाही. पुदिना, लिंबाची चकती आणि चार दाणे डाळिंबाचे. पहिल्याच दिवशी ते सगळ्यांबरोबर दस्तरखानावर बसून तोच चहा प्यायले. त्यांना वेगळे काही मागवावे लागले नाही.

आपल्या बाजारातली फळे

परदेशी स्ट्रॉबेरी-पीचच्या अर्काच्या मागे लागायची गरज नाही. आठवडी बाजारात जे येते तेच घ्यावे. खालची सगळी मापे एक लिटर तयार थंड चहासाठी आहेत.

*लिंबू-पुदिना.* दोन लिंबांचा रस, पुदिन्याची पंधरा-वीस पाने, तीन चमचे पाक. पाने हातावर ठेवून एक टाळी वाजवा आणि मग घाला. मिक्सरमध्ये वाटली तर चहा हिरवट, कडवट होतो. पहिल्यांदा करणाऱ्यांनी इथूनच सुरुवात करावी.

*द्राक्ष.* आपल्या जिल्ह्यात द्राक्षबागा आहेत आणि फेब्रुवारी ते एप्रिल द्राक्षे स्वस्त असतात. द्राक्षे मिठाच्या पाण्यात पंधरा मिनिटे ठेवून पुन्हा दोनदा स्वच्छ धुवा. दोन वाट्या काळी द्राक्षे हाताने कुस्करून गाळा आणि रस चहात घाला, लिंबू अर्धेच. साखर लागतच नाही. आणखी एक युक्ती: हिरवी द्राक्षे सुटी करून फ्रीजरमध्ये गोठवा आणि बर्फाऐवजी ग्लासात टाका. चहा गार होतो, पाणचट होत नाही. पाच वर्षांखालच्या मुलांना मात्र अख्खे द्राक्ष देऊ नका, घशात अडकते. उभे चार तुकडे करून द्या.

*कैरी.* एक मध्यम कैरी कुकरमध्ये उकडून गर काढा. अर्धी वाटी गर, चिमूटभर भाजलेल्या जिऱ्याची पूड, चवीला काळे मीठ, चार चमचे पाक. चहा जरा फिका ठेवा, नाहीतर कैरीचा आंबटपणा आणि चहाचा तुरटपणा भांडतात. आमच्या घरी पाहुण्यांची सर्वांत जास्त फर्माईश याचीच.

*टरबूज.* तीन वाट्या फोडी मिक्सरमधून एकदाच फिरवून गाळा. तेवढ्याच चहात मिसळा, लिंबू एक. वरून भिजवलेला सब्जा, म्हणजे फालुद्यातला तुकमलंगा, एक चमचा. हे पेय साठवायचे नाही. करायचे आणि प्यायचे. का ते पुढे येईल.

*चिंच-गूळ.* उन्हाळ्यात आपल्याकडे घरोघरी चिंच फोडण्याचे काम चालते. नवी चिंच लिंबाएवढी घेऊन भिजवा, कोळ काढा, दोन मोठे चमचे किसलेला गूळ विरघळवा, गाळा. सुंठीची चिमूट. पोट जड असताना हा चहा बरा वाटतो.

*केसर आंबा.* मराठवाड्याच्या केसर आंब्याला भौगोलिक मानांकन आहे आणि मे महिन्यात तो बाजारात भरपूर येतो. एका आंब्याचा गर अर्धी वाटी कडक चहात घोटून मग उरलेला चहा ओता. पाक लागत नाही. घट्ट वाटला तर गाळून घ्या.

*मुलांसाठी अंबाडी.* लाल अंबाडीची वाळवलेली बोंडे मिळाली तर मूठभर बोंडे गरम पाण्यात दहा मिनिटे ठेवा. लालभडक, आंबट पेय होते. त्यात चहाची पत्ती नाही, म्हणून कॅफिनही नाही. मिसर आणि सुदानमध्ये हेच पेय 'करकदे' नावाने पाहुण्यांना देतात.

आमची चूक

पहिल्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. घरी अकीका होता. आम्ही मोठ्या हौसेने टरबुजाचा पाच लिटर चहा सकाळी दहाला केला, फ्रीजमध्ये जागा नव्हती म्हणून अंगणातल्या सावलीत भांडे झाकून ठेवले. पाहुणे असरनंतर येणार होते. चार वाजता झाकण काढले तेव्हा कडेला बारीक फेस होता. आम्ही म्हटले, हलवल्यामुळे असेल. दादींनी नुसता वास घेतला आणि म्हणाल्या, "ये उतर गया. फेको."

पाच लिटर ओतून द्यायला जीव होईना. पण दादींचे खरे होते. फळाची साखर, चहाचे पाणी आणि चाळीस अंशांची उष्णता एकत्र आली की काही तासांत त्यात जंतू वाढतात आणि रस आंबायला लागतो. असे पेय पोट बिघडवते. शिवाय आंबण्याची प्रक्रिया पुढे जाऊन त्यात नशा येते, तेव्हा प्रश्न हलाल-हरामचा होतो.

इथे नबीझची आठवण येते. खजूर किंवा मनुका पाण्यात भिजवून केलेले हे पेय प्रेषितांच्या (स.) घरी केले जाई. सहीह मुस्लिममधल्या हदीसांत येते की सकाळी भिजवलेले संध्याकाळी आणि रात्री भिजवलेले सकाळी पीत. फार तर तिसऱ्या दिवसापर्यंत ते ठेवत, त्यानंतर ओतून टाकत. फळाच्या पाण्याला मुदत असते, हा धडा तिथे आहे. आमच्या अंगणातल्या उन्हात ती मुदत काही तासांचीच होती, हे आम्ही विसरलो.

तेव्हापासून घरात हे नियम पाळतो.

१. चहा केल्यावर निवला की लगेच फ्रीजमध्ये. बाहेर दोन तासांपेक्षा जास्त नाही, कडक उन्हाळ्यात तर तासभरच.

२. नुसता चहा फ्रीजमध्ये दोन दिवस. फळ घातलेला त्याच दिवशी संपवायचा. म्हणून चहा वेगळा आणि फळाचा रस वेगळा ठेवायचा, ग्लासात एकत्र करायचा.

३. बरणी उन्हात ठेवून चहा उतरवण्याची पद्धत कुठे पाहिली तरी करायची नाही. ते पाणी कोमटच राहते आणि कोमट पाणी जंतूंना आवडते.

४. फेस, आंबूस वास, चिकट तार दिसली की विचार न करता ओतायचे. थोडे थोडे करायचे म्हणजे ओतायची वेळ येत नाही. खाण्यापिण्याची मुभा देतानाच कुरआनने उधळपट्टीपासून रोखले आहे.

बर्फ आणि पाणी

सगळे घरचे केले आणि बर्फ बाहेरून आणला तर मेहनत वाया जाते. कारखान्यातला सगळा बर्फ खाण्याचा नसतो. मासळी आणि माल गार ठेवायच्या बर्फाला पिण्याचे पाणी वापरलेले असेलच असे नाही. म्हणूनच महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये नियम केला की न खाण्याच्या बर्फात निळा रंग घालावा. निळसर बर्फ दिसला तर तो पोटात जाता कामा नये. आणि पांढरा दिसला तरी तो कुठल्या पोत्यातून, कुठल्या फरशीवरून आला हे आपल्याला माहीत नसते. शक्यतो घरीच, उकळून गार केलेल्या पाण्याचा बर्फ लावा. उरलेला चहाच बर्फाच्या ट्रेमध्ये ओतला तर आणखी चांगले, ग्लासातला चहा पाणचट होत नाही.

पाण्याबद्दल आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, तो उन्हाळा आपण सगळ्यांनी काढला आहे. टँकरचे पाणी आले की आधी गाळा, मग उकळा. उकळी फुटल्यावर एक मिनिट तरी राहू द्या. फळे धुतलेले पाणी कुंडीत किंवा अंगणातल्या झाडाला घाला.

कोणी प्यावा, केव्हा प्यावा

आता सर्वांत महत्त्वाचे. गेल्या वर्षी अम्मींना सारखी धाप लागायची, जिना चढला की बसून घ्यायच्या. तपासणीत हिमोग्लोबिन ९.२ निघाले. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि विचारले, "जेवणाबरोबर चहा घेता का?" अम्मींचा तर चहाशिवाय घास उतरत नसे. भाकरी-भाजी आणि लगेच कपभर चहा, चाळीस वर्षांची सवय. चहातले टॅनिन पालेभाजी, डाळ, ज्वारी यांतल्या लोहाला धरून ठेवते आणि ते अंगी लागू देत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहार मार्गदर्शनात स्पष्ट सांगितले आहे की जेवणाआधी एक तास आणि जेवणानंतर एक तास चहा-कॉफी घेऊ नये. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या शंभरापैकी सत्तावन्न बायकांमध्ये रक्त कमी आढळले. म्हणजे हा प्रश्न आपल्यापैकी निम्म्याहून जास्त घरांचा आहे.

थंड चहालाही हाच नियम. गार केला म्हणून टॅनिन नाहीसे होत नाही. आम्ही घरात वेळ ठरवून टाकली: असरनंतर, जेवणापासून दूर. जेवणाबरोबर लिंबूपाणी. लिंबातले क जीवनसत्त्व लोह अंगी लागायला मदत करते. अम्मींनी ती वेळ पाळली आणि गोळ्याही वेळेवर घेतल्या. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन ११ च्या वर गेले. श्रेय गोळ्यांचे आहे, पण चहाने त्यांच्या वाटेत येणे थांबवले.

आणखी काही गोष्टी लक्षात ठेवा.

लहान मुलांना पत्तीचा चहा नको, थंडही नको. त्यांना अंबाडी, कैरी, लिंबू. गरोदर बहिणींनी दिवसभरातला गरम-थंड सगळा चहा मिळून मोजावा आणि डॉक्टरांना विचारावे. एका कपात तीस ते पासष्ट मिलिग्रॅम कॅफिन असते. मुतखड्याचा त्रास असणाऱ्यांनीही बेताने घ्यावा, कारण काळ्या चहात ऑक्झलेट असते आणि उन्हाळ्यात लघवी आधीच कमी होते. झोप न येणाऱ्यांनी मगरिबनंतर टाळावा.

आणि ऊन लागलेल्या माणसाला थंड चहा हा उपाय नाही. घामावाटे गेलेले मीठ चहाने भरून येत नाही. चक्कर, उलटी, जुलाब असेल तर ओआरएस द्या. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ. माणूस बडबडायला लागला, अंग तापून कोरडे झाले तर ओल्या कपड्याने अंग पुसत थेट दवाखाना गाठा.

दारातला ग्लास

ह. साद बिन उबादा (रजि.) यांच्या आईंचे निधन झाले तेव्हा त्यांनी प्रेषितांना (स.) विचारले की आईच्या नावाने कोणता सदका उत्तम. उत्तर मिळाले, पाणी. आणि त्यांनी विहीर खोदली. मुहर्रममध्ये आपल्या गल्ल्यांत लागणाऱ्या सबीलमागेही तहानलेल्याला पाणी पाजण्याचीच भावना आहे.

विहीर खोदणे सगळ्यांच्या हातात नाही. पण एप्रिलच्या दुपारी टँकरवाला येतो, पार्सल घेऊन पोरगा येतो, चिंच फोडून झाल्यावर पाठ धरून बसलेली शेजारीण येते. पूर्वी आमच्याकडे बाटली पाहुण्यांसाठी असे आणि या माणसांना नळाचे पाणी. कोणी ठरवून केले नव्हते, पण बाटली महाग म्हणून तसे होत गेले. घरचा चहा इतका स्वस्त पडतो की आता असा भेद करावा लागत नाही. जो दारात येईल त्याला तोच ग्लास. बसून, बिस्मिल्लाह म्हणून, घोट घोट घ्या, एवढेच सांगायचे.

गेल्या मे महिन्यात भंगारवाला पुन्हा आला. जिन्याखाली चार बाटल्या होत्या. त्याही लग्नाच्या दिवशी पाहुण्यांनीच आणलेल्या. तो म्हणाला, "इस साल माल कम हाय." दादींनी त्याला आत बसवले आणि कैरीचा ग्लास पुढे केला.